भिजत घोंगडं कधी म्हणायचं?

परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'गोवा ट्रिपचं भिजत घोंगडं झालं, आता 26 डिसेंबरला निघू.' मी तिथल्या तिथे अडवलं. अरे, तारीख ठरली ना? मग घोंगडं कसलं? ट्रिप लांबणीवर पडली म्हण. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांवर लाल पेन फिरवल्याची ही खोड, सुटत नाही.

हा वाक्प्रचार नीट वापरायचा तर घोंगडं काय चीज असते ते ठाऊक हवं. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, सणगरांनी मागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओल पिते तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून तर धनगर पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन मेंढरांमागे फिरतो.

पण पार बुडवलं की संपलं. सासूबाईंचं घोंगडं मी एकदा ऐन श्रावणात धुवायला काढलं. (श्रावणात! शहाणपण बघा.) घंगाळातून उचलताना मनगटं भरून आली. पिळायला दोघं लागलो, तरी पिळलं गेलं नाही. कठड्यावर टाकलं तर खालच्या मजल्यावर टपटप. चौथ्या दिवशीही आतून दमटच आणि घरभर मेंढराचा वास. पांघरता येईना, घडी करून ट्रंकेत ठेवता येईना.

वाक्प्रचाराचा अर्थ तोच. काम होतही नाही आणि रद्दही होत नाही. तेव्हा लिहिण्याआधी एवढंच विचारा: कोणी स्पष्ट हो किंवा नाही म्हटलंय का? म्हटलं असेल तर घोंगडं नको. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाला मात्र ते चपखल बसतं. महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला 2004 मध्ये, आणि बेळगाव अजून तिथेच. अर्ध्या तासाने उशिरा आलेल्या एसटीला घोंगडं म्हणू नका, हसतील.

क्रियापद जपून निवडा, सगळी मेख त्यात आहे. 'घोंगडं भिजत पडलंय' म्हटलं की दोष कुणाचाच नाही. 'भिजत ठेवलंय' म्हटलं की समोरच्यावर बोट. सासरेबुवांशी वाटणीबद्दल बोलताना 'पडलंय'च म्हणावं. आणि 'भिजलेलं घोंगडं' लिहू नका. भिजणं अजून चालू आहे, म्हणून 'भिजत'.

'बासनात गुंडाळणं' हे वेगळं प्रकरण. बासन म्हणजे पोथी किंवा दप्तर बांधून ठेवायचं फडकं. त्याची गाठ मारली की ते पुन्हा कोण सोडतंय? योजना मेली, फक्त तसं जाहीर करायचं नाही, तेव्हा हे लिहावं.

एवढं सगळं ग्रुपवर टाकल्यावर भाच्याचा मेसेज आला, 'मावशी, मग तुमच्या सोसायटीच्या लिफ्टचं काय?'

सात वर्षं, चार कोटेशनं, तीन सेक्रेटरी. मी लिहिलं, 'पडलंय.' खाली यांनी लगेच दुरुस्ती केली, 'ठेवलंय.'