तांब्या-पितळेला स्पॉट मारायचाय? आधी टिप बदला

स्पॉट वेल्डिंग म्हणजे दोन पत्रे दोन टिपांमध्ये दाबून, करंट सोडून एका ठिपक्यात जोडायचे. त्यात स्टीलच्या पत्र्यावर हात बसलेल्या माणसाला वाटतं तांब्याला पण तसंच असणार, हीट जरा वाढवली की झालं. मी पण तेच केलं होतं, ०.८ मिमीच्या तांब्याच्या दोन पट्ट्या, साधं पेडल मशीन, हीटचा टॅप शेवटच्या नंबरवर, आणि पेडल सोडलं तर पट्ट्या सुट्ट्याच्या सुट्ट्या आणि वरची टिप मात्र पट्टीला अशी धरून बसली की छिन्नी लावून सोडवली. म्हणजे जिथे जोड पाहिजे तिथे नाही आणि नको तिथे एकदम पक्का.

असं का होतं ते एकदा डोक्यात बसलं की पुढची सेटिंग आपोआप सुचते म्हणून आधी तेवढं बघू. स्पॉट वेल्डिंगमध्ये उष्णता तयार होते ती करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स (धातू वीज किती अडवतो ते) गुणिले वेळ. साध्या स्टीलचा रेझिस्टन्स तांब्याच्या ७-८ पट असतो त्यामुळे स्टील स्वतःच तापतं, टिप फक्त करंट पोचवते. तांब्यात रेझिस्टन्स नाहीच्या बरोबर, आणि जी काय थोडीफार उष्णता होते ती पण लगेच पसरून जाते कारण उष्णता वाहून नेण्यात तांबं स्टीलच्या जवळपास ८ पट पुढे आहे. चाळणीत पाणी भरायचा प्रकार. त्यात आपली नेहमीची टिप म्हणजे क्रोमियम-कॉपर, म्हणजे ते पण तांबंच, मग खाली तांबं वर तांबं, मशीनला कुठला जोड करायचाय हे कळणार कसं? तर तांबं स्वतः तापत नाही, त्याला बाहेरून कोणीतरी तापवावं लागतं, आणि ते काम टिपला द्यायचं.

पण त्याआधी हातात नक्की काय आहे ते ओळखा. शुद्ध तांब्याची वीज वाहण्याची क्षमता १०० धरली तर ७०:३० पितळ (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) साधारण २८ वर येतं, फॉस्फर ब्राँझ, म्हणजे तांब्यात कथील आणि थोडा फॉस्फरस, १५ च्या आसपास आणि ३० टक्के निकेलवालं कप्रोनिकेल, म्हणजे तांबं-निकेलचा मिश्रधातू, तर ५ च्या आसपास. आकडा जितका खाली तितका स्पॉट सोपा. कप्रोनिकेल आणि फॉस्फर ब्राँझ नेहमीच्या क्रोमियम-कॉपर टिपने व्यवस्थित बसतं, फॉस्फर ब्राँझच्या कॉन्टॅक्ट पत्त्या रोज शेकड्याने मारणारे कारखाने आहेत. पितळ मधलं, जमतं पण नखरे करतं. आणि लेथवर कापायला सोपं म्हणून शिसं घातलेलं जे पितळ मिळतं ना, त्याच्या नादाला लागू नका, त्यातलं शिसं आधी वितळतं आणि जोडाला भेगा पडतात, तिथे सोल्डर नाहीतर रिव्हेट.

आता शुद्ध तांबं. टिप मॉलिब्डेनमची नाहीतर टंगस्टनची घ्यायची. अख्खी टिप त्याची नाही, महाग पडतं आणि गरज पण नाही, तांब्याच्या शँकमध्ये, म्हणजे टिपच्या दांड्यात, ५-६ मिमीचा तुकडा सिल्व्हर ब्रेझ करून, म्हणजे चांदीच्या डाकाने, बसवलेला असतो. यांचा रेझिस्टन्स तांब्याच्या तिप्पट, वितळबिंदू मॉलिब्डेनमचा २६२० अंशाच्या आसपास आणि टंगस्टनचा ३४०० च्या पुढे, आणि तांबं १०८५ लाच वितळतं, त्यामुळे टिप लाल होते आणि खालचं तांबं चुलीवरच्या तव्यासारखं तापतं. चिकटत पण सहजासहजी नाही. दोघांत मला मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम, आवडतं कारण ते लेथवर घेता येतं, टंगस्टन नुसतं घासावं लागतं आणि हातोडीचा जरा टोला बसला की तुकडा उडतो. लाल झालेली मॉली हवेत झिजते पण, म्हणून शँक थंड ठेवणारं पाणी चालू ठेवा आणि टिपचं तोंड बघत राहा, खड्डा पडला की घासून सपाट करा.

तांबं स्टीलला किंवा पितळेला जोडायचं असेल तर मॉली फक्त तांब्याच्या बाजूला, दुसरीकडे नेहमीची तांब्याची टिप. उलटं लावलं तर स्टील जळतं आणि तांबं थंडच राहतं, ही चूक नवीन पोरं हमखास करतात.

साफसफाई. काळपट पडलेलं तांबं सरळ मशीनवर घेऊ नका, बारीक एमरीने घासा, ॲसिटोनने पुसा, मग बोट लावू नका आणि त्याच दिवशी मारा. ऑक्साइड असेल तर एक स्पॉट जातो आणि दुसरा शिंतोडे उडवतो, सेटिंग कधी धड लागतच नाही. कथील चढवलेली तांब्याची पट्टी असेल तर अजून एक फसवणूक आहे, कथील २३२ अंशाला वितळतं त्यामुळे जोड झाल्यासारखा दिसतो पण तो वेल्ड नसतोच, कल्हईवर चिकटलेला असतो, गरम झाला की सुटला.

सेटिंगचं सूत्र एकच, करंट भरपूर आणि वेळ कमी. आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदाची, माझ्याकडे ०.५ मिमीच्या पितळेला ४ सायकलवर काम होतं, वेळ वाढवत गेलं की जोड सुधारत नाही, नुसता आजूबाजूचा पत्रा मऊ होतो. करंट कमी पडतोय वाटलं तर ट्रान्सफॉर्मर बदलायच्या आधी मशीनचे हात आखूड करून बघा, दोन्ही हातांमधली जागा कमी झाली की त्याच मशीनमधून जास्त करंट निघतो, फुकटातलं काम आहे. दाब स्टीलपेक्षा कमी ठेवा कारण दाब वाढवला की पत्र्यांमधला रेझिस्टन्स अजून घटतो, पण इतका कमी पण नको की ठिणग्यांचा पाऊस पडेल. वरचा हात घर्षणाने अडत असेल तर तेलपाणी करा, धातू मऊ झाल्या झाल्या टिप मागोमाग खाली यायला पाहिजे.

पितळेत अजून एक भानगड म्हणजे जस्त. ते ९०७ अंशालाच उकळतं, ७०:३० पितळ वितळायला लागतं पण त्याच्याच आसपास, त्यामुळे जरा जास्त झालं की जोडात बुडबुडे आणि टिपवर पिवळट थर. १५-२० स्पॉट झाले की टिप पुसा. तो पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नका, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, पंखा आपल्या तोंडाकडून जॉबकडे नाही तर आडवा लावा. आणि बेरिलियम-कॉपरचा तुकडा असेल तर तो कोरडा घासायचाच नाही, त्याची धूळ फुप्फुसाला कायमची लागते.

जाड तांबं, समजा १ मिमीच्या वरचं, याला खरा स्पॉट मारायचा हट्ट मी सोडून दिलाय. तिथे दोन पट्ट्यांच्या मधे डाकाची पातळ फॉइल ठेवायची, १५ टक्के चांदी, ५ टक्के फॉस्फरस आणि बाकी तांबं अशी मिळते, ती ६४५ अंशाच्या आसपास वितळायला लागते म्हणजे तांब्याच्या कितीतरी आधी. ग्राफाइट किंवा मॉलीच्या टिप्स, इथे मात्र उलटं, करंट कमी आणि वेळ जास्त, कडेने चकचकीत थेंब दिसला की करंट बंद, पण पेडल सोडायचं नाही, गोठेपर्यंत दाबून ठेवायचं. तांब्याला फ्लक्स (ऑक्साइड काढणारं रसायन) लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो, पितळेला लावावा लागतो. स्टील किंवा निकेलवर मात्र ही फॉइल वापरू नका, जोड काचेसारखा ठिसूळ होतो.

बॅटरी पॅकवाल्यांसाठी पण हाच विचार आहे. १८६५० सेलवर (लिथियम-आयनचा नळीसारखा गोल सेल) ०.१ मिमीची तांब्याची पट्टी नुसती बसत नाही, तिच्यावर निकेल प्लेटिंगवाली स्टीलची पातळ पट्टी ठेवून दोन्ही प्रोब (करंट देणारी टोकं) वरूनच दाबा, वरचं स्टील तापतं आणि ती उष्णता तांब्यातून खाली सेलपर्यंत जाते. दोन प्रोबच्या मधे पट्टीला चीर पाहिजे, नाहीतर करंट वरच्यावर निघून जातो. सराव सेलच्या रिकाम्या डब्यावर करा, भरलेल्या सेलवर नको, भोक पडलं तर आग.

शेवटी तपासणी. दिसायला सुंदर डाग म्हणजे काहीच नाही. त्याच पत्र्याचे दोन तुकडे जोडा, एक व्हाइसमध्ये धरा, दुसरा पकडीने सोला. एका तुकड्याला भोक आणि दुसऱ्याला बटन, म्हणजे फाटून आलेला धातूचा गोल ठिपका, राहिलं तर जोड खरा, दोन्ही गुळगुळीत सुटले तर पितळ उघडं पडलं म्हणायचं, अक्षरशः. सकाळी एकदा, टिप घासल्यावर एकदा, आणि पत्र्याचा नवीन रोल लावला की परत एकदा, कारण कडक आणि मऊ पितळेला एकच सेटिंग चालत नाही हे मला एक अख्खा लॉट परत आल्यावर कळलं.