रिकर्शनने निश्चयक काढताना

रिकर्शन म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे; निश्चयक (डिटर्मिनंट) म्हणजे चौरस मॅट्रिक्सवरून, म्हणजे आकड्यांच्या चौकटीवरून, काढलेली एक संख्या. थांबण्याची अट आधी लिहा: मॅट्रिक्स १×१ असेल तर तोच आकडा परत द्या. नाहीतर पहिल्या ओळीतला प्रत्येक घटक घ्या, त्याची ओळ आणि स्तंभ वगळून उरलेल्या मॅट्रिक्सवर तेच फंक्शन चालवा, गुणाकार करा, आलटूनपालटून अधिक-उणे करत बेरीज करा. पायथनमध्ये मूळ यादीतून स्तंभ पुसू नका, पुढच्या फेरीला तो लागतोच. दर वेळी नवी यादी बनवा.

घटक शून्य असेल तर ती फेरी सोडा, वेळ वाचतो. तरीही भरलेल्या १०×१० मॅट्रिक्सला ३६,२८,८०० पदे येतात. तिथे गाउसची निरसन पद्धतच (एका ओळीची पट दुसरीतून वजा करत कर्णाखालचे घटक शून्य करण्याची) हवी: जेमतेम ३४० गुणाकार-भागाकार. मात्र दोन ओळींची अदलाबदल केली की उत्तराचे चिन्ह उलटवा. नवशिक्यांचे उत्तर बहुधा इथेच चुकते. पूर्णांकांसाठी फ्लोटऐवजी (अंदाजे साठवलेल्या दशांश संख्येऐवजी) फ्रॅक्शन (अचूक अपूर्णांक) वापरा.