बाबांच्या अ‍ॅस्बेस्टोसिसचा क्लेम, बडोदा: माझा अनुभव

बाबा बडोद्यातल्या एका कारखान्यात गरम पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचे, तोंडाला नुसता रुमाल. रिटायर झाल्यावर दम लागायला लागला तर आधी टीबी टीबी म्हणून औषधं चालली. अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार, दहा-वीस, कधी चाळीस वर्षांनीही वर येतो, त्यामुळे डॉक्टरला जुनी नोकरी आपणच सांगायची. मग एचआरसीटी (छातीचा बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) झाला आणि कागदावर आजाराचं नाव आलं.

भरपाईच्या क्लेमसाठी बाबांचं रेकॉर्ड मागितलं तर कंपनी म्हणे रेकॉर्डच नाही. इथे सुप्रीम कोर्टाचा १९९५चा निकाल कामाला आला, अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचं हेल्थ रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवायचंच. हे लिहून पोस्टाने पाठवलं (पोचपावती जपा हं!) तर फाइल बरोब्बर सापडली. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला, १९८७च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला ती सोय आहे, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. बाबांच्या शिफ्टमधले एक काका साक्षीला आले, पीएफच्या जुन्या स्लिपा लावल्या, शेवटी ईएसआयच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) मेडिकल बोर्डाने अपंगत्व ठरवलं आणि आता दर महिन्याला पैसे खात्यात येतात, थोडेच आहेत पण येतात.