निवारा केंद्रातील मुलांना कोणती लस आधी द्यायची?

पंचगंगेने कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंतची कुटुंबे शाळा आणि मंगल कार्यालयांत हलवावी लागतात, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी दाखवून दिले आहे. अशा ठिकाणी मुलांच्या लसीकरणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा थेट कॉलऱ्यावर जाते, कारण डोळ्यांसमोर पाणी असते. आपत्तीतील लसीकरणाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या आराखड्यातील क्रम मात्र वेगळा आहे: येथे कोणत्या आजाराचा धोका किती आहे ते आधी पाहायचे, मग त्यावरची लस या परिस्थितीत उपयोगाची आहे का ते तपासायचे, आणि शेवटी ती सुरक्षितपणे देणे यंत्रणेला झेपेल का व त्यापायी दुसरे कोणते काम मागे पडेल, याचा विचार करायचा.

धोका ठरवताना उपकेंद्राचे लसीकरण रजिस्टर सर्वांत कामाचे. गावातील नोंदी चांगल्या असल्या, तरी त्याच छावणीत वीटभट्टीवरील किंवा परजिल्ह्यांतून आलेल्या मजुरांची मुले असू शकतात. त्यांची यादी आशा आणि अंगणवाडी सेविकांकडून वेगळी करून घ्यावी, कारण सरासरीच्या आकड्यात ती दिसत नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशातील कॉक्स बझारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याची लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली, ती रास्तही होती. परंतु पुढच्याच महिन्यात तेथे घटसर्पाचे रुग्ण दिसू लागले, कारण दाटीने राहणाऱ्या त्या मुलांपैकी अनेकांचे नियमित लसीकरण झालेलेच नव्हते.

गोवराच्या बाबतीत रुग्ण सापडण्याची वाट पाहू नये. लसीकरणाचे प्रमाण ९० टक्क्यांपेक्षा कमी असेल किंवा कळतच नसेल, तर ६ महिने ते १५ वर्षे वयाच्या सर्व मुलांना लस द्यावी, असे स्फिअर मानके (आपत्तीतील मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय किमान निकष) सांगतात. सोबत ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना अ जीवनसत्त्व. कार्ड पुरात गेले म्हणून कोणालाही परत पाठवू नये, कारण गोवराचा एक डोस जादा झाल्याने अपाय होत नाही. प्रमाण पुरेसे असल्याची खात्री असेल, तर सरसकट मोहिमेपेक्षा राहिलेले डोस पूर्ण करणे शहाणपणाचे. कॉलऱ्याच्या लसीचा विचार मात्र जिल्हा पातळीवर, प्रयोगशाळेचे अहवाल पाहून व्हावा; तोवर क्लोरीनचे पाणी आणि ओआरएस यांनाच प्राधान्य द्यावे. लेप्टोस्पायरोसिससाठी तर आपल्या बाललसीकरणात लसच नाही.

वीज गेलेली असताना कुपी उघडण्यापूर्वी तिच्यावरील व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारे चिन्ह) पाहावा: आतील चौकोन बाहेरील वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरावी. तो उष्णतेची खूण देतो, गोठण्याची नाही. म्हणून गोठल्यास निकामी होणाऱ्या पेंटाव्हॅलंटची (पाच आजारांवरील एकत्रित लसीची) कुपी थेट बर्फाला टेकू देऊ नये. गोवर-रुबेलाची लस विरघळवल्याची वेळ कुपीवर लिहावी आणि ४ तासांनंतर उरलेली टाकून द्यावी. त्या वेळी 'थोडीच राहिली आहे' असा आग्रह हमखास होतो. तो मानू नये.

६ ते ९ महिन्यांच्या बाळाला छावणीत दिलेला डोस नियमित डोसांत धरला जात नाही. कार्डावर तसा स्पष्ट शेरा लिहून त्या बाळांची यादी पाणी ओसरण्याआधीच त्यांच्या गावच्या आरोग्यसेविकेकडे पोहोचवावी, म्हणजे ९ महिने पूर्ण होताच त्यांना पुन्हा बोलावता येईल.