छोट्या कॅमेऱ्यात मागचं धूसर करायचं तर

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) बहुधा १/२.३ इंची, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. त्यामुळे पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं. मी बरेच दिवस नुसत्या एफ/२.८ च्या, म्हणजे भिंगाचं तोंड मोठं उघडण्याच्या, भरवशावर होतो. फुलामागच्या कुंडीचा तडा न् तडा फोटोत दिसायचा!

खरी गोम अंतरात आहे. ऑप्टिकल झूम पूर्ण ताणा (डिजिटल बंदच ठेवा, तो नुसता फोटो कातरतो) आणि फोकस धरेल तितकं जवळ जा. पडद्यावरची फोकसची चौकट हिरवी होत नसेल तर पाऊलभर मागे सरका. माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर काही उपयोग नाही, त्याला दहा पावलं पुढे आणा. झूममध्ये हात हलतो, म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवा. मुंगीएवढ्या वस्तूला मात्र झूम नको. मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय) लावून भिंग जवळजवळ चिकटवायचं.