व्हिंटेज गाडी क्लबात दाखल करताना: आधी नंबर, मग पेट्रोल, पॉलिश सगळ्यात शेवटी

क्लबात नाव घालायचं ठरलं की बहुतेक मालक गाडी आधी पेंटरकडे नेतात. नुकसान तिथूनच सुरू होतं. चासी नंबर गंजाच्या आणि रंगाच्या थराखाली असतो. त्यावर ग्राइंडर फिरला की आकडे पुसट होतात, आणि मग गाडी कितीही चकाकली तरी ती नेमकी कोणती हे सिद्ध करता येत नाही. म्हणून पहिल्यांदा नंबराची जागा केरोसिन आणि मऊ पितळी ब्रशने हलक्या हाताने साफ करा, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने चासी प्रिंट उठवा आणि तिरप्या उजेडात फोटो काढा. इंजिन नंबराचंही तसंच करा.

युद्धपूर्व रोल्स-रॉइस असेल तर एक गोष्ट जास्तीची. त्या काळी कंपनी फक्त चासी आणि इंजिन देत असे, बॉडी हूपर किंवा बार्करसारखे कोचबिल्डर बांधत. त्यामुळे एका गाडीच्या दोन ओळखी असतात. कोचबिल्डरची छोटी पट्टी बहुधा दाराच्या उंबऱ्यावर असते. डेंटिंगआधी ती काढून जपून ठेवा. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशरमधील पॉलर्सपरी इथे रोल्स-रॉइस एन्थुझिअ‍ॅस्ट्स क्लबच्या मुख्यालयात कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. आपल्या चासीच्या नोंदीची प्रत मागवा आणि इंजिन नंबर जुळतो का ते बघा.

आता कागद. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पूर्वी पेट्रोल परवडत नाही म्हणून मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिन बसवलं जाई. अशी गाडी इथे अडकते. अर्ज फॉर्म २० वर करायचा, सोबत विमा आणि जुनं आरसी बुक, आयात गाडी असल्यास बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद). नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. नवा नंबर ‘व्हीए’ सिरीजमधला मिळतो, पण आधी नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. मुंबईचा ‘बीएम’ने सुरू होणारा जुना नंबर असेल तर तो अजिबात सोडू नका. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही; प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

सभासदत्वाचा ठोस उपयोग विम्यात दिसतो. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये (वाहनविम्याच्या दरांच्या नियमावलीत) व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या व्हिंटेज गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २५ टक्के सूट ठेवली होती. ३१ डिसेंबर १९४० पूर्वीच्या प्रमाणित गाडीची किंमत आधीच ठरवून पॉलिसी घेण्याची सोयही त्यातच होती. अशी पॉलिसी मागताना तीच मागतो आहोत हे स्पष्ट सांगा, नाहीतर घसारा लावून कवडीमोल किंमत लिहिली जाते.

रॅलीत गाडी बंद पडण्याचं आजचं मोठं कारण पेट्रोल आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या कार्ब्युरेटरमधला कॉर्कचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) चपड्याच्या म्हणजे लाखेच्या पॉलिशने बंद केलेला असतो, आणि चपडा इथेनॉलमध्ये विरघळतो. मग कॉर्क पेट्रोल पितो, जड होऊन बुडतो, कार्ब्युरेटर ओसंडतो आणि गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पेट्रोल ठिबकतं. गाड्या पेटतात त्या अशा. फ्लोट पितळी बसवा, रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. दुसरं म्हणजे मिश्रण. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, या पेट्रोलला १३.५ च्या आसपास. जुन्या सेटिंगवर इंजिन म्हणूनच लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असं चालतं आणि तापतं. स्पार्क प्लग काढून बघा: मारी बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, फटफटीत पांढरा असेल तर जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) थोडा मोठा करा.

तापण्याचं दुसरं कारण इंजिनाच्या ब्लॉकमधला गाळ. तो सर्वात मागच्या सिलिंडरभोवती साचतो, कारण तिथे पाण्याचा वेग कमी असतो. नुसता रेडिएटर धुऊन भागत नाही. ब्लॉकचा ड्रेन कॉक काढा, भोकात तार घालून गाळ मोकळा करा, मागचा कोअर प्लग (ब्लॉकमधलं भोक बंद करणारी पत्र्याची चकती) काढून पाइपने स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. रेडिएटर मात्र उलटा, खालून वर धुवायचा. बोअरचं पाणी कधीच घालू नका; डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक घाला. प्रेशर कॅप नसलेला रेडिएटर काठोकाठ भरला तर जास्तीचं पाणी बाहेर फेकतो. गळती समजून घाबरू नका, पातळी स्थिरावते तिथे राहू द्या. आणि इंजिन सुरू केल्यावर स्टीअरिंगवरचा, ठिणगीची वेळ बदलणारा इग्निशनचा दांडा अ‍ॅडव्हान्स करायला विसरू नका. रिटार्डवर, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असताना, चालवलं की एक्झॉस्ट लालबुंद होतो.

गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर तेल नको, त्यातली काही रसायनं ब्राँझचे बुश खातात. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची बारीक केबल लावली तर सेल्फ कण्हतो, कारण त्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर रॅलीला नेऊ नका.

हँडल मारताना इग्निशन रिटार्ड, गिअर न्यूट्रल, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीत गुंडाळायचा नाही. हँडल खालून वर ओढा, वरून खाली दाबू नका. उलटा फटका बसला तर मनगट मोडतं.

पावसाळ्यात गाडी जॅक स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा आणि क्लच पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवा, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटत नाही. टाकी रिकामी करा. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते तळाशी उतरतं, नेमकं जिथून नळी पेट्रोल उचलते तिथे. दर पंधरवड्याला प्लग काढून इंजिन हाताने फिरवा. पाच मिनिटं सुरू करून बंद करण्याची सवय मोडा, त्याने सायलेन्सर आणि तेलात पाणी साठतं. सुरू केलंच तर टाकीत ताजं पेट्रोल घालून, पूर्ण गरम होईपर्यंत, अर्धा तास तरी चालवून आणा.