कोर्नाती बेटांवर शिडाच्या बोटीने जाताय? या चुका टाळा

क्रोएशियाच्या किनाऱ्यासमोर, झादार आणि शिबेनिक या शहरांच्या मधल्या समुद्रात कोर्नाती बेटं आहेत. १९८० पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात लहानमोठी ८९ बेटं येतात. झाडं जवळजवळ नाहीत. उघडा चुनखडक, त्यावरून थेट माथ्यापर्यंत चढत गेलेले दगडी गडगे आणि खाली निळंशार पाणी. आठवडाभर बोट भाड्याने घेऊन हिंडायला इतकी देखणी जागा मला दुसरी माहीत नाही. आपल्याकडचे गट आता तिकडे जाऊ लागले आहेत, आणि बहुतेकांची सुट्टी बिघडते ती एकाच कारणाने: सहा रात्री कुठे काढायच्या हे घरी बसून पक्कं केलेलं असतं.

मुक्काम वारा ठरवतो

इथे दोन वारे ओळखता आलेच पाहिजेत. बुरा ईशान्येकडून, वेलेबित डोंगरावरून खाली कोसळतो. कोकणातल्या मतलई वाऱ्यासारखा तोही जमिनीवरूनच येतो, पण त्याच्यात तो मऊपणा नाही. तो झटक्यांनी येतो आणि अर्ध्या तासात शांत समुद्र पांढरा करतो. वेलेबितच्या माथ्यावर ढगांची पांढरी कड बसलेली दिसली, तर आकाश कितीही स्वच्छ असो, बुरा येणार असं समजून चाला. युगो आग्नेयेकडून येतो. तो दिवस-दोन दिवस घेऊन वाढतो, हवा दमट होते, आकाश भरून येतं आणि लाटा मोठ्या होत जातात. कोर्नातीच्या रांगा वायव्य-आग्नेय पसरलेल्या आहेत, त्यामुळे युगो मधल्या खाड्यांतून सरळ घुसतो.

म्हणून संध्याकाळची जागा दुपारी ठरवा, आणि दोन ठेवा: एक ईशान्येकडून बंद असलेली, दुसरी आग्नेयेकडून. शेजारच्या दुगी ओतोक बेटावरची तेलाश्चित्सा खाडी सुमारे आठ किलोमीटर आत जाते, पण तिचं तोंड आग्नेयेला आहे. युगोत तिथे राहायचं तर तोंडाशी थांबू नका, आतल्या कोपऱ्यात शिरा. उन्हाळ्यात पश्चिमेकडून अचानक वादळ येतं, त्याला तिथले लोक नेवेरा म्हणतात. ते थोडा वेळच टिकतं, पण त्या वेळात सैल बांधलेलं सगळं उडून जातं. क्रोएशियाच्या हवामान खात्याचा सागरी अंदाज सकाळ-संध्याकाळ वाचा. फोनवरच्या ॲपमध्ये डोंगरामुळे येणारे झटके बहुधा कमी दिसतात.

उद्यानात रात्री कुठेही नांगर टाकता येत नाही, नेमून दिलेल्या खाड्यांतच राहावं लागतं. पुरारा बेट आणि त्याजवळच्या खडकांपाशी तर जायलाच बंदी आहे.

नांगर टाकला म्हणजे रुतला असं नाही

पाण्यातून काळपट पट्टे दिसतात ते पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताचे. त्यात नांगर धरत नाही, आणि गवत उपटलं जातं ते परत यायला फार वर्षं लागतात. फिकट, वाळूचा ठिपका शोधा. साखळी मोजताना पाण्याच्या खोलीत बोटीच्या पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची मिळवा आणि त्याची किमान पाचपट सोडा. सहा मीटर पाणी आणि एक मीटर उंची म्हणजे ३५ मीटर. वारा वाढणार असेल तर ५० सोडा.

मग इंजिन हळूहळू मागे चालवून साखळी ताणा आणि तिच्यावर तळहात ठेवा. नांगर रुतला असेल तर साखळी ताठ आणि शांत लागते. घसरत असेल तर दगडावरून ओढल्याची खरखर हाताला स्पष्ट कळते. पाणी इतकं नितळ आहे की पोहण्याचा चष्मा लावून पोहत जाऊन बघून येता येतं. अनेकदा नांगर गवतावर आडवा पडलेला सापडतो. तसं दिसलं तर उजेड आहे तोवर उचलून पुन्हा टाका. रात्री दोन वाजता, वाऱ्यात, झोपेतून उठलेल्या माणसांकडून ते काम नीट होत नाही.

दोरी आणि पंखा

धक्क्याला बोट मागच्या बाजूने लावतात आणि पुढचं टोक पाण्यातून आलेल्या दोरीला बांधतात. ही दोरी उचलली जात असताना इंजिन गिअरमध्ये ठेवू नका. ती बोटीखाली फिरणाऱ्या पंख्यात गुंडाळली गेलीच तर ताबडतोब न्यूट्रल करून इंजिन बंद करा. उलटसुलट गिअर टाकून सोडवायला गेलात तर ती आणखी घट्ट बसते. बोट आधी दुसऱ्या दोऱ्यांनी पक्की करा, किल्ली काढून खिशात ठेवा, मगच कोणीतरी पाण्यात उतरावं. शेजारच्या बोटवाल्यांना हाक मारायला संकोच करू नका, सगळेच मदतीला येतात.

बाकीचं, थोडक्यात

क्रोएशियात बोट चालवणाऱ्याकडे तिथे मान्य असलेला परवाना आणि रेडिओचं प्रमाणपत्र लागतं. आपला कागद चालतो का हे बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या. शंका असेल तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, सोबत घ्या. मात्र त्याला झोपायला जागा आणि जेवण द्यायचं असतं, त्यामुळे आठ जणांच्या बोटीत सातच माणसं धरा. जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे, तेव्हा शेंगेन व्हिसा चालतो.

उद्यानाचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. तेलाश्चित्साचं तिकीट वेगळं असतं, हे अनेकांना तिथे पोचल्यावर कळतं.

बेटांवर गोड्या पाण्याची वानवा आहे आणि इंधनाचा पंप नाही. शाकाहारी असाल तर भाजी, डाळ, पीठ बिओग्रादसारख्या किनाऱ्यावरच्या गावातून भरून घ्या, कारण कोनोबा म्हणजे तिथल्या घरगुती खानावळींत मुख्यतः मासे आणि मेंढीचं मटण मिळतं. अख्खा मासा किलोच्या भावाने असतो. शिजवण्याआधी वजन करून घ्या. मिक्सर आणि इंडक्शन शेगडी घरीच ठेवा, नांगरावर असताना त्यांना वीज मिळत नाही. चाकांच्या कडक बॅगाही नकोत, त्या ठेवायला बोटीत कप्पाच नसतो.

आणि किनाऱ्यावर कुठेही विस्तव पेटवू नका. ३० ऑगस्ट २००७ रोजी कोर्नात बेटावर लागलेल्या वणव्यात १२ अग्निशमन जवानांचा जीव गेला. त्यांच्या स्मरणार्थ रचलेले दगडांचे मोठे क्रूस त्या बेटावर आहेत. उन्हाळ्यात तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक थोटूकही पुरतं.

बोट साधारणपणे शनिवारी सकाळी रिकामी करून परत द्यायची असली तरी शुक्रवारी संध्याकाळीच तळावर, टाकी भरून, आणावी लागते. त्या दिवशी दुपारनंतर पंपावर लांब रांग असते, म्हणून गुरुवारची रात्र किनाऱ्याजवळ काढा आणि शुक्रवारी सकाळीच डिझेल भरा.